आगळाच्या बाटलीवर काय लिहायचं?

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता 'एआय आणि आपलं भविष्य', आणि वेळ दिली वीस मिनिटं. वीस मिनिटांत भविष्य सांगणारे पूर्वी आपल्या एसटी स्टँडबाहेर पोपट घेऊन बसायचे. त्यांच्याशी स्पर्धा नको, म्हणून मी विषय लहान करून घेतला. मी आज लेबलांवर बोलणार आहे. बाटलीवरचं लेबल, पाकिटावरचं चित्र, डब्यावरची अक्षरं.

कारण असं की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर मला एआयबद्दल जे विचारलं गेलं, त्यात "नोकऱ्या जातील का गं?" असं विचारणारे थोडे होते. जास्त प्रश्न होते ते "लोगो फुकटात होतो म्हणे, कुठलं अ‍ॅप?" आणि "पाकिटाचं डिझाइन आता एआयवरच करून टाकू ना?" साहजिक आहे. आपल्या तुकडीत माझ्यासारखे पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेले जितके, तितकेच इथे राहून काहीतरी तयार करून विकणारे आहेत. काजू, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मसाले. शिवाय एक छापखानावाला आहे, ज्याच्या पोटाशीच या प्रश्नाचा संबंध आहे.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअर लिहिते आहे. आता माझ्या रोजच्या कामातला बराच भाग मी एआयकडून करून घेते आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. तेव्हा "यंत्र वाईट, हात चांगला" असलं काही ऐकायला मिळेल या आशेने कोणी बसलं असेल, तर चहा बाहेर ठेवलाय.

आता मुद्द्याचं. आपल्यातली एक मैत्रीण कोकमाचं आगळ आणि अमृत कोकम करते. ती समोरच बसली आहे. नाव घेऊ नकोस, असं तिने बजावलंय, पण बाकी सगळं सांगायला परवानगी दिली आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिचा फोन आला. तिला आता ओळखीच्या घरांपलीकडे, पुण्यातल्या दुकानांत माल ठेवायचा होता. डिझायनरने दोन लेबलांचे अठरा हजार सांगितले होते. आणि तिच्या भाच्याने मोबाइलवर दहा मिनिटांत चाळीस लेबलं काढून दिली होती, फुकट. तिचा हिशेब सरळ होता: बाटलीमागे दहा रुपये सुटतात, म्हणजे अठराशे बाटल्या नुसत्या लेबलापायी गेल्या. "तू यातलीच आहेस," ती म्हणाली, "तू सांग, मी पैसे कशाला देऊ?"

मी ती चाळीस लेबलं मागवून घेतली. खरं सांगते, दिसायला देखणी होती. नारळाची झाडं, समुद्र, कौलारू घर, लालभडक फळं, सोनेरी किनार. मग मी एकेक नीट बघायला लागले.

फळ रातांबा नव्हतं. कापलेल्या फळात पांढऱ्याशुभ्र पाकळ्या दिसत होत्या. ते मँगोस्टीन होतं. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रात दोघं चुलत भावंडं, दोघांचं आडनाव गार्सिनिया. जगात मँगोस्टीनचे फोटो ढिगाने आहेत, रातांब्याचे मूठभर. यंत्र जे जास्त बघतं तेच जास्त काढतं. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला कदाचित कळलंही नसतं. पण कोकमावर ज्याचं पोट आहे, त्याच्या बाटलीवर दुसऱ्याच देशाचं फळ, हे मला तरी बघवेना.

अक्षरांची कथा याहून मोठी आहे. चाळिसांपैकी बऱ्याच लेबलांवर 'आगळ'चं 'आगल' झालं होतं. 'शुद्ध'मधला 'द्ध' कुठल्या लिपीतला होता, ते देवालाच ठाऊक. 'अमृत'चं एकदा 'अमूत' झालं होतं. आणि जिथे शब्द बरोबर होते, तिथे ल आणि श हिंदी वळणाचे. हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण हा माझ्या कामाचाच भाग आहे. आपण संगणकावर 'कि' टाइप करतो, तेव्हा आत आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी. वेलांटी उचलून क च्या अलीकडे नेऊन बसवण्याचं काम फॉन्ट आणि त्याच्या जोडीचा प्रोग्राम करतात. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांतला फरक सांभाळण्याचे नियमही कोणीतरी बसून लिहिलेले आहेत. मराठीचा ल वेगळा आणि हिंदीचा वेगळा, हेसुद्धा चांगल्या फॉन्टमध्ये नोंदवून ठेवलेलं असतं. चित्र काढणारं एआय या वाटेने जात नाही. ते अक्षर लिहीत नाही, अक्षरासारखं दिसणारं चित्र काढतं. जिथे ळ क्वचित दिसला, तिथे तो त्याला ल चा बिघडलेला नमुना वाटतो.

हा दोष टिकणारा नाही. नवी एआय देवनागरी पुष्कळ बरी लिहू लागली आहेत. भाच्याने आज काढलं तर 'आगळ' बहुधा बरोबर येईल. म्हणून "एआयला मराठी येत नाही" या वाक्यावर कोणी आपला धंदा उभा करू नये, तो फार दिवस चालणार नाही.

पण अक्षर बरोबर असणं आणि अक्षराला चेहरा असणं यांत अंतर आहे, आणि ते आपल्या चित्रकलेच्या सरांनी आपल्याला एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या वेळी शिकवलं होतं. भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर आठवतोय ना? कंटाळा यायचा. दोन रेघांमध्ये अक्षरं बसवायची, दोन अक्षरांमधली जागा पट्टीने मोजायची नाही, डोळ्याने तोलायची. ट आणि म शेजारी आले की जागा सारखी मोजूनही सारखी दिसत नाही, हे मला तिथे कळलं. सर, पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं उपयोगी फार थोडं शिकले.

महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नावं रेखाटली, ती नुसती वाचून नाटक हसवणार की रडवणार याचा अंदाज यायचा. २०२० मध्ये ते गेले. र. कृ. जोशी जाहिरातीच्या क्षेत्रातून आले, आयआयटी मुंबईत त्यांनी शिकवलं आणि विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचा. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी कचेरीत एक पत्र जरी टाइप केलंय, त्यांनी तो वापरलेला आहे. आज मुंबईत एक टाइप नावाच्या गटाने 'मुक्ता', 'बलू', 'मोदक' असे फॉन्ट तयार करून फुकट उपलब्ध करून दिले आहेत. 'मोदक' तर इतका गुबगुबीत आहे की अक्षरांतल्या फटीच बुजत आल्यात. तेव्हा फुकटच हवं असेल तर हेही फुकट आहे, आणि यातला ळ कोणीतरी विचार करून काढलेला आहे.

चाळीस लेबलांचा तिसरा दोष मात्र सुधारणारा नाही, निदान आपोआप तरी नाही. ती सगळी एकमेकांसारखी होती. आणि पुढच्याच आठवड्यात मी एका दुकानात मसाल्याचं पाकीट पाहिलं, त्यावर तेच कौलारू घर, तोच समुद्र, तीच सोनेरी किनार. कोणी कोणाचं चोरलेलं नव्हतं. दोघांनी यंत्राला 'कोकण' म्हटलं आणि यंत्राने 'कोकण' म्हटल्यावर सर्वांत संभवनीय जे, ते दिलं. त्याची घडणच तशी आहे. लाखो चित्रांतून जे नेहमी येतं तिकडे ते झुकतं. आणि लेबलाचं काम नेमकं उलट आहे. फळीवर दहा लाल बाटल्या असताना अकरावी ओळखू आली पाहिजे.

१९१५ साली कोका-कोलाच्या बाटलीसाठी अमेरिकेतल्या काच कारखान्यांना अट घातली गेली होती: अंधारात नुसत्या स्पर्शाने ओळखता यावी, फुटून जमिनीवर पडली तरी ओळखता यावी. ज्यांनी ती स्पर्धा जिंकली त्यांना नमुना मिळाला कोकोच्या शेंगेच्या चित्रावरून, आणि कोकोचा त्या पेयाशी सुतराम संबंध नाही. म्हणजे चुकीचं फळ माणसंही काढतात. पण ती अट बघा. ती आधी कोणाला तरी सुचावी लागते. आपल्या पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी घ्या. ती मुलगी आता कोण आजी आहे याचे फॉरवर्ड तुम्ही मला नेमाने पाठवता. कंपनीने कधीच सांगितलंय की ते एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दैया यांनी साठच्या दशकात काढलेलं चित्र आहे. इतकी वर्षं तो पुडा न वाचता उचलला जातो. ज्याला वाचता येत नाही तोही उचलतो.

आता कोणी म्हणेल, यंत्राने केलेलंही चाललंय की. चाललंय. २०१७ मध्ये इटलीत न्युटेलाने संगणकाकडून सत्तर लाख बरण्यांची सत्तर लाख वेगवेगळी वेष्टनं करून घेतली आणि ती सगळी खपली. पण नीट पाहिलं तर नाव, त्याची अक्षरं, बरणीचा आकार यांना यंत्राने हात लावला नव्हता, फक्त मागची रंगसंगती बदलत होती. आणि माणसांनी केलेलं नेहमी चालतं असंही नाही. २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकाना या रसाच्या खोक्यावरचं, संत्र्यात नळी खुपसलेलं जुनं चित्र काढून नवीन डिझाइन आणलं. नामांकित माणसांनी केलेलं. दोन महिन्यांच्या आत खप सुमारे वीस टक्क्यांनी घसरला आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. गिऱ्हाइकाचे डोळे फळीवर ते संत्रं शोधत होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

म्हणून मी मैत्रिणीला म्हटलं, डिझायनरला पैसे दे, पण ती इथे येऊन दोन दिवस राहणार असेल तरच. पुण्यात बसून संगणकावर कौलारू घरच काढणार असेल, तर भाचा काय वाईट?

ती मुलगी आली. आपल्याच शाळेची आहे, आपल्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी दहावी झालेली, मुंबईत उपयोजित कला शिकलेली. मे महिना, रातांबे फोडायचं काम जोरात, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. पहिला दिवसभर तिने लॅपटॉप उघडला नाही, रातांबे फोडायला बसली. आणि दुपारी सहज विचारलं, "मावशी, गिऱ्हाइकांचे फोन कशाबद्दल येतात?"

मैत्रीण म्हणाली, "दुसरं काय? सरबत खारट झालं म्हणून."

इथे बसलेल्यांना सांगायला नको, पण पुण्यात वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगते. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीला आणि आमटीला. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक, सरबताला. दोन्ही लाल, दोन्ही तशाच बाटलीत, दोन्हींवर 'कोकम' मोठं आणि पुढचा शब्द बारीक. पाहुण्यांसाठी पेल्यात आगळ ओतायचं, पाणी घालायचं, आणि पहिल्या घोटाला पाहुण्यांचं तोंड बघायचं. उन्हाळ्यात दिवसाआड असा एखादा फोन. वर्षानुवर्षं मैत्रीण त्या फोनला "अहो, ते आगळ आहे" असं उत्तर देत आली होती. चाळिसांतल्या एकाही लेबलात या प्रश्नाचा मागमूस नव्हता, आणि कसा असेल? हा प्रश्न कुठे लिहिलेलाच नव्हता. तो तिच्या फोनमध्ये होता.

मग लेबल उलटंच झालं. एका बाटलीवर 'आगळ' हा शब्द सगळ्यांत मोठा, खाली 'मीठ घातलेलं. सोलकढीला, आमटीला'. दुसरीवर 'अमृत कोकम', खाली 'साखर घातलेलं. सरबताला'. एकीचं झाकण पांढरं, दुसरीचं हिरवं. फळाचं चित्र तिने काढूनच टाकलं. काचेतून दिसणारा रंग आहे, त्यापुढे चित्र कशाला?

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातली अर्धी वापरलेली बाटली मागितली. आगळ ओतलं की एक ओघळ मानेवरून खाली येतो आणि कागदी लेबल महिन्याभरात डागाळून सोलपटतं. म्हणून लेबल खाली सरकवलं आणि कागदाऐवजी प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर घेतलं. त्यावर तारखेच्या शिक्क्याची शाई टिकेना. मग एक कोपरा खरखरीत ठेवला, शिक्क्यापुरता. हे सगळं आपल्या छापखानावाल्याने चार वेळा नमुने काढून जमवलं. त्याच्याकडे आता लग्नपत्रिका आणि हँडबिलं जवळजवळ येत नाहीत, लोक मोबाइलवर करतात आणि मोबाइलवरच पाठवतात. ते काम परत येईल असं मी त्याला खोटं सांगणार नाही. पण कुठली शाई कशावर धरते हे त्याच्या बोटांना माहीत आहे आणि ते काम सध्या तरी त्याच्याकडेच आहे.

एक गोष्ट विकणाऱ्या सगळ्यांनी नीट ऐका. भाच्याच्या लेबलांत एकावर बारकोड होता. नुसत्या उभ्या रेघा, स्कॅन केलं तर काहीच नाही. अन्न परवान्याचा क्रमांक चौदा अंकी असतो, तिथे अकरा आकडे होते, तेही मनाने बसवलेले. आणि तीन लेबलांवर 'मधुमेहावर गुणकारी' असं छापलेलं होतं. तिने सांगितलं नव्हतं. अशा बाटल्यांवर असं लिहिलेलं असतं, म्हणून यंत्राने लिहिलं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लेबलसुद्धा जाहिरातच धरलं जातं आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. वजन, किंमत, तारीख, पत्ता, तक्रारीचा फोन हे सगळं २०११ च्या वजनमापाच्या नियमांत येतं. निरीक्षक आला तर तो अ‍ॅपला शोधत जाणार नाही. बाटलीवर जिचं नाव आहे, तिच्याच दारात येईल.

डिझायनरने एआय वापरलं का? वापरलं की. बाटली दुकानाच्या फळीवर कशी दिसेल याची चित्रं तिने त्यातूनच काढली, रंगांच्या वीस-पंचवीस जोड्या तासाभरात बघून घेतल्या. पूर्वी या कामाला आठवडा गेला असता. मीही मैत्रिणीला सांगितलंय की गणपतीच्या शुभेच्छा, स्टेटसला टाकायचं चित्र, इंग्रजी माहितीपत्रकाचा पहिला खर्डा, हे खुशाल भाच्याकडून करून घे.

तेव्हा ग्रुपवरच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. तुमची गिऱ्हाइकं पन्नास ओळखीची घरं असतील, तर लेबलावर एक रुपयाही घालवू नका, पांढऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात नाव आणि तारीख पुरे. माल अनोळखी माणसाच्या हातात जाणार असेल, तुम्ही तिथे समजावायला नसाल, तर माणूस बोलवा. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर चित्रावर नको, शब्दांवर आणि अक्षरांवर घाला. आणि बोलावलेल्या माणसाने पहिल्या दिवशी तुम्हाला काहीच न विचारता तीन नमुने पुढे ठेवले, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते काम तुमचा भाचासुद्धा करतो.

विक्री किती वाढली, असं विचाराल, तर एकच उन्हाळा झालाय, इतक्यात काही म्हणता येत नाही. मैत्रिणीने पुण्यातल्या सहा दुकानांत माल ठेवला, त्यातल्या दोघांनी पुन्हा मागवला, एकाने परत पाठवला. अठरा हजार अजून पुरते वसूल झालेले नाहीत. 'सरबत खारट झालं' असे फोन मात्र या उन्हाळ्यात चारच आले. त्यातला एक आपल्याच वर्गातल्या एका मुलाचा होता. तोही समोर बसलाय, हसतोय.

दोन्ही बाटल्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. डिझायनर मुलगी जेवणापर्यंत आहे आणि छापखानावाला तर दिवसभर आहे. ज्यांनी आपली पाकिटं आणली असतील, त्यांनी ती तिथे मांडा. फणसपोळीवाल्या, तुझ्या पाकिटावरचा ण आधी बघून घे. आणि आगळाची बाटली उघडताना जरा जपून. आज पांढरे झब्बे फार दिसतायत.